भाव माणशी, भूक ज्याची त्याची

लग्नाचा बस्ता घ्यायला पहूरहून जळगावला जाणारी कुटुंबे पूर्वी फुले मार्केटमधली खरेदी आटोपली की जवळच कुठेतरी शेवभाजी-पोळी किंवा बिर्याणी खाऊन परतीची एसटी गाठत. आता बस्त्याच्या यादीत साड्या, शेरवानी, चपला यांच्या खाली आणखी एक ओळ असते: बुफे. नवरीकडची माणसे, नवरदेवाकडची माणसे, दोन फूफ्या, तीन खाला आणि डझनभर पोरे अशी वरात हॉटेलच्या काचेच्या दाराशी उभी राहते. दारातला मुलगा बोट फिरवून डोकी मोजतो. एरवी हॉटेलात आपण काय मागवले ते मोजतात. इथे आपणच मोजले जातो, आणि पुढच्या सगळ्या गमतीजमती नि कुरबुरी तिथूनच सुरू होतात.

आमच्या स्टाफरूममध्ये हा विषय निघाला तेव्हा प्रत्येकाजवळ एक किस्सा तयार होता. कुणाच्या सासऱ्यांनी सूपच इतके आवडून घेतले की पुढे बिर्याणी आली तेव्हा ते नुसते बघत बसले. कुणाच्या मुलीने आइस्क्रीमने सुरुवात केली आणि आइस्क्रीमनेच शेवट केला. एका घरचे लोक तर सकाळपासून उपाशी राहून गेले होते, रमजान नसताना! सगळे हसले. मी सहावीच्या वह्या तपासत होते, त्यातही योगायोगाने हाच विषय होता. 'सुट्टीतला एक दिवस' या निबंधात एका मुलाने दोन पाने भरून पदार्थांची यादी दिली होती. मंचुरियन हा शब्द त्याने तीन ठिकाणी तीन प्रकारे लिहिला होता. शेवटी लिहिले होते की गुलाबजाम सात खाल्ले, कारण अब्बूंनी पैसे भरले होते, आणि येताना नेरीजवळ गाडी थांबवावी लागली.

निबंध प्रामाणिक होता, गुणही चांगले दिले. पण त्यातला 'कारण' हा शब्द माझ्या डोक्यातून गेला नाही. घरी हाच मुलगा दोन गुलाबजामनंतर हात धुतो. सात खाल्ले ते भुकेने किंवा चवीने नव्हे, पैसे वसूल व्हावेत म्हणून. आणि हे त्याला कोणी शिकवले असेल, तर त्या टेबलावर बसलेल्या मोठ्यांनीच. 'शरमाओ मत, पूरे पैसे दिये हैं,' हे वाक्य मी स्वतः कितीतरी टेबलांवर ऐकले आहे.

हा वसुलीचा हिशोब जरा मांडून बघू. समजा भाव माणशी 450 रुपये आहे. त्यावर 5 टक्के जीएसटी. आठ माणसांचे झाले 3,780. या आठांत एक दादीजान आहेत, त्यांना साखरेचा आजार, अर्धी पोळी आणि वाटीभर दाल एवढेच त्यांचे जेवण. एक नवविवाहित सून आहे, ती सासरच्या मंडळींसमोर लाजून चार घास खाणार. आणि एक चाचाजान आहेत, ते दोघांचे जेवतील. हॉटेलवाल्याने भाव ठरवताना या तिघांनाही धरलेले असते. त्याला माहीत असते की चाचाजानचे जास्तीचे तुकडे दादीजानच्या पैशातून निघाले. सूप, पाव, नूडल्स, भात ही पोट भरणारी आणि स्वस्तातली मंडळी टेबलाच्या सुरुवातीला असतात. मटण किंवा मासा पुढे, कोपऱ्यात, आणि बहुधा त्यामागे वाढायला एक माणूस उभा. यात फसवणूक काही नाही, धंदा आहे. पण जो 'वसूल' करायला बसतो त्याने हे ओळखावे की तो घाऊक बाजारातून माल आणणाऱ्याशी किरकोळीत लढतो आहे. चार तुकडे जास्त खाऊन हॉटेलचे फारसे बिघडत नाही, बिघडते ते आपले पोट.

ही पद्धत आली कुठून, तेही मोठे मजेशीर आहे. शब्द फ्रेंच, ज्या कपाटवजा टेबलावर खाद्यपदार्थ मांडून ठेवत त्याचे ते नाव. स्वीडनमध्ये मोठ्या टेबलावर नाना पदार्थ मांडून ज्याने त्याने वाढून घ्यायची रीत जुनी होती, ती 1939 मध्ये न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात अमेरिकनांनी पाहिली. पुढे 1940च्या दशकात लास वेगासच्या एका जुगारगृहाने एका डॉलरात हवे तेवढे खा असा बुफे मांडला. जुगार खेळणारे गिऱ्हाईक रात्री भूक लागली म्हणून उठून दुसरीकडे जाऊ नये, हा त्यामागचा विचार! 1958 मध्ये टोकियोच्या इम्पीरियल हॉटेलने ही पद्धत जपानात नेली आणि तिला 'वायकिंग' नाव दिले. जपानी लोक आजही बुफेला तेच म्हणतात. आपल्याकडे पंचतारांकित हॉटेलांपुरता असलेला बुफे मध्यमवर्गीय कुटुंबांच्या टेबलावर आणण्यात बार्बेक्यू नेशनसारख्या साखळीचा मोठा वाटा. तिची सुरुवात 2006 मध्ये मुंबईत झाली. तिथे टेबलावर एक छोटा झेंडा असतो, तो खाली केला की शेगडीवरचे तुकडे यायचे थांबतात. 'बस' म्हणायला झेंडा लागतो, हे ऐकून माझी अम्मी बराच वेळ हसत होती. तिच्या दस्तरखानावर ताटावर हात आडवा धरला तरी एक चमचा पडतोच.

आता अनुभवांकडे. एक आमच्याच घरचा सांगते. हॉटेलचे आणि गावाचे नाव लिहीत नाही, कारण असे कुठेही घडू शकते. सासूबाईंच्या ताटात तंदुरीचे दोन तुकडे उरले. त्यांना चावले जात नव्हते, पण टाकायचे त्यांच्या जिवावर आले. ज्या बाईने आयुष्यभर रोटीचा तुकडा जमिनीवर पडला तरी उचलून बाजूला ठेवला, तिच्या हाताला ते जमेना. त्यांनी कागदी रुमालात ते तुकडे गुंडाळले आणि पर्समध्ये ठेवू लागल्या. वाढणारा मुलगा धावत आला आणि मोठ्याने म्हणाला, 'आंटी, पार्सल अलाउड नहीं है।' आजूबाजूची चार टेबले वळून बघायला लागली. सासूबाईंनी पुडी परत ताटात ठेवली आणि हळूच विचारले, 'बेटा, फिर ये फेंकोगे क्या?' तो काही बोलला नाही. ताट उचलून घेऊन गेला.

नियम हॉटेलचा बरोबर आहे, हे मी आधीच सांगते. 'हवे तेवढे खा' यात 'हवे तेवढे न्या' येत नाही. तसे केले तर दुकान दोन दिवसांत बंद पडेल. पण मग हा नियम दारात, डोकी मोजताना सांगायला काय हरकत आहे? भाव सांगता, मुलांचा दर सांगता, तसे हेही सांगा. आणि सत्तरीच्या बाईला सांगायचे तर चार पावले जवळ जाऊन, वाकून सांगता येते. सासूबाई त्यानंतर बुफेला यायचे नाव काढत नाहीत. 'तुम जाओ, मेरा पेट ठीक नहीं,' म्हणतात.

आपल्या बाजूनेही काही आहे. ताटात उरते ते आपण घेतलेले असते. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाचा 2024चा अहवाल म्हणतो की 2022 या एका वर्षात जगभर 105 कोटी टन अन्न वाया गेले. त्यातले सुमारे 29 कोटी टन हॉटेले, खानावळी आणि केटरिंगमधले, तर सर्वात मोठा भाग, साधारण 60 टक्के, घराघरातला. इस्राफ हा शब्द आपल्या मुलांना मकतबात शिकवला जातो, अर्थही पाठ असतो. बुफेच्या टेबलाशी मात्र त्यांच्या हातात डोंगराएवढे ताट असते आणि आपण मोबाइलवर त्याचा फोटो काढत असतो. शेवटी चार मुलांची उरलेली चार ताटे बाप बसून संपवतो, पोट फुगवून. काही हॉटेलांत आता अन्न टाकल्यास दंड अशी पाटी लागते. पाटीपेक्षा सोपे आहे: पहिल्या फेरीत प्रत्येक पदार्थाचा एकेकच घास घ्यायचा, आवडेल त्याच्यासाठी दुसरी फेरी. फेऱ्या मोजत नाही कोणी. आणि दुसऱ्या फेरीला ताटही नवे घ्यावे, उष्ट्या ताटाला लागलेला डाव पुन्हा सगळ्यांच्या भांड्यात जातो.

विचारायच्या गोष्टी बसण्याआधी विचाराव्यात, बिल आल्यावर नव्हे. मुलांचा दर वयावर आहे की उंचीवर? वयस्कर माणूस फक्त सोबत बसणार असेल तर त्याचे काय घेता? काही ठिकाणी मालक समजूतदार असतो, दादीजानसाठी वेगळी दाल-पोळी मागवायला परवानगी देतो; पण ते आधी बोलले तरच. पाण्याची बाटली आणि थंड पेय भावात आहे का? आणि बिलात सर्व्हिस चार्ज आपोआप लावलेला दिसला तर तो काढायला सांगा. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 4 जुलै 2022 रोजीच तसा चार्ज आपणहून लावायला मनाई केली आहे आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च 2025 मध्ये ती मनाई कायम ठेवली. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर 1915 आहे. वाढणाऱ्या मुलाला खुशीने वीस-पन्नास रुपये देणे वेगळे, ते जरूर द्यावेत. तो सहसा कुठल्यातरी लांबच्या गावातून आलेला असतो आणि आपण उठल्यावर आपलीच उष्टी उचलणार असतो.

हलालचा प्रश्न आपल्या घरांत पहिला येतो, पण विचारताना आपण संकोचतो, जणू काही आपण कुणावर आरोप करतो आहोत. सरळ विचारावे, 'मटण-चिकन कुणाकडून येते?' भिंतीवर एफएसएसएआयचा 14 आकडी परवाना असतो, तो अन्न सुरक्षिततेचा; हलालशी त्याचा संबंध नाही. दुसरी गोष्ट मिठाईच्या टेबलाची. थरथरणारी जेली, मूस, पुडिंग यांत जिलेटिन असू शकते आणि ते जनावराच्या हाडा-कातड्यापासून निघते. चायना ग्रास मात्र समुद्री शेवाळाचे. कशात काय आहे ते आचाऱ्याला ठाऊक असते, त्याला बोलावून विचारता येते. आणि शाकाहारी भाजीत कुणी चिकनचा डाव बुडवला तर ते जितके आपल्याला चालून जाते तितके शेजारच्या टेबलावरच्या जैन कुटुंबाला चालत नाही. जळगावात अशी टेबले शेजारी शेजारीच असतात. मुलांना डाव जिथला तिथे ठेवायला शिकवणे हे शेजारधर्मातच येते.

ऊन पदार्थ ऊनच असले पाहिजेत. ज्या भांड्यांखाली पाणी आणि दिवा असतो, ती भांडी अन्न 60 अंशांच्या वर ठेवण्यासाठी असतात. गार पदार्थ 5 अंशांच्या खाली. यांच्या मधल्या कोमटपणात जंतू वाढतात. झाकण उघडल्यावर वाफ आली नाही, किंवा खालचा दिवा विझलेला दिसला, तर सांगावे. लोक मांसाला घाबरतात, पण तासन्‌तास कोमट राहिलेला भातही बाधतो. त्यातल्या एका जंतूचे बीज शिजवूनही मरत नाही. रायता आणि कापलेली फळे यांवरही नजर असावी, विशेषतः आपल्या खान्देशच्या मे महिन्यात. जेवणाची वेळ सुरू होते तेव्हाच गेले तर सगळे ताजे मिळते. दुपारी साडेतीनला पोहोचणाऱ्याला तळ मिळतो.

हे झाले हॉटेलचे. पण बुफे आता हॉटेलात थांबलेला नाही, तो आपल्या शादीखान्यात आला आहे. बुजुर्ग त्याला 'खडा खाना' म्हणतात आणि म्हणताना चेहरा असा करतात की कुणीतरी खडे वाढले असावेत. त्यांची तक्रार रास्त आहे. गुडघे दुखणाऱ्या माणसाने एका हातात ताट, दुसऱ्या हातात काठी घेऊन रांगेत उभे राहायचे, तर जेवायचे कुठल्या हाताने? बुरखा सावरत, कडेवर पोर घेऊन उभी असलेली बाई तर बहुतेक लग्नांत डाळचा-चावलावरच परत फिरते. जर्द्यापर्यंत तिचा हात पोहोचत नाही. यजमानाचीही गोची असते. केटरर ताटे मोजून पैसे घेतो, म्हणून लग्नात एकाच माणसाने तीनदा ताट बदलले की यजमानाच्या हिशोबात तीन पाहुणे जेवले. हॉटेलात ताट बदला म्हणाले, लग्नात मात्र शक्यतो एकावरच भागवावे.

आणि इथे मला खरे सांगायचे ते सांगते. आपल्या जुन्या लग्नांत वाढायचे कोण? मोहल्ल्यातले पुरुष आणि तरुण मुले. देगीजवळ मामूजान, बाह्या वर सारलेल्या. दस्तरखानाच्या दोन्ही बाजूंनी भाऊ, पुतणे, मित्र तसले घेऊन धावणारे. 'इधर बोटी भेजो', 'बड़े अब्बा के सामने पानी नहीं है' असा आरडाओरडा. खिदमत करण्यात कमीपणा सोडाच, चढाओढ असायची. जो नवरा घरी स्वतःचा पाण्याचा ग्लास भरून घेत नाही, तो लग्नात शंभर जणांना पाणी पाजताना मी पाहिला आहे. म्हणजे आपल्या पुरुषांना वाढता येत नाही, हे खरे नाही. उत्तम येते. कुणाच्या ताटात काय संपले, हे त्यांना लांबून दिसते.

मग बुफे हॉटेलात ही नजर कुठे जाते? तिथे वाढणारा कुणी नसतो, म्हणून घरातली वाढणारी तिथेही वाढते. माझ्या नणंदेचे उदाहरण देते. वर्षातून एकदा, ईदनंतरच्या रविवारी, घरचे सगळे बुफेला जातात. तिच्या नावाने, की 'बेचारी किचन में थक जाती है'. मागच्या वेळी मी सोबत होते. सासऱ्यांसाठी मऊ पदार्थ ती आणून देते. धाकट्याला नूडल्स, मोठ्याला कबाब, मग धाकट्याला मोठ्यासारखेच कबाब. नवऱ्याला रायता राहिला. कुणालातरी लिंबू हवे. पाऊण तासात ती बसली असेल दहा मिनिटे. तिच्या ताटातल्या बिर्याणीवर तूप थिजले होते. ती शेवटी बसली तेव्हा बाकीच्यांचे आइस्क्रीम झाले होते आणि मोबाइल बघत नवरा म्हणाला, 'चलें?' तिचेही 472 रुपये 50 पैसे लागलेच.

कुणी दुष्ट नव्हते त्या टेबलावर. नवरा चांगला माणूस आहे, प्रेमानेच घेऊन आला होता. त्याने पैसे भरले म्हणजे तिला सुट्टी मिळाली, असे त्याला मनापासून वाटत होते. पण तिची सुट्टी पैशांत नव्हती. तिला एकदा सगळ्यांबरोबर बसून, सगळ्यांच्या वेळेला, ऊन ऊन जेवायचे होते, आणि तेवढेच त्या यादीतल्या पदार्थांत नव्हते. तिच्या मुलांनी काय पाहिले? की अम्मी हॉटेलातही उठते. तिची मुलगी नऊ वर्षांची आहे. चौथ्या फेरीला ती आपणहून उठली, अब्बूंचा ग्लास भरायला. भाऊ बारा वर्षांचा, तो बसून होता. मी त्याला हाताने खूण करून उठवले, तर तो म्हणाला, 'मुमानी, मुझे नहीं मालूम क्या कहाँ रखा है।' पण कबाब कुठे ठेवलेत ते त्याला अचूक ठाऊक होते.

म्हणून ज्या घरांत बुफेला जायचा बेत ठरतो आहे, तिथल्या भाईजान मंडळींना माझे सांगणे आहे. पहिली फेरी तुमची. घरच्या बाईला आणि बुजुर्गांना आधी खुर्चीवर बसवा, त्यांना काय हवे ते विचारा आणि वाढून आणा, जसे लग्नात शंभर अनोळखी माणसांना वाढता तसे. टेबल आचाऱ्याच्या टेबलाजवळचे मागून घ्या, म्हणजे अब्बाजानला लांब चालावे लागणार नाही. आठ वर्षांवरच्या मुलाने स्वतःचे ताट स्वतः आणावे आणि एक ताट दुसऱ्या कुणाचे तरी.

नणंदेच्या घरी हे अजून पूर्ण जमलेले नाही. तिने दुसरीच युक्ती काढली आहे. गेल्या महिन्यात गेली तेव्हा ती भिंतीकडच्या लांब बाकावर अगदी आत, कोपऱ्यात जाऊन बसली; डावीकडे भिंत, उजवीकडे सासरे, मग दोन्ही मुले आणि कडेला नवरा. तिला उठायचे तर आधी चौघांना उठावे लागणार. दोनदा तिने उठायचा प्रयत्न केला, दोन्हीदा सासरे म्हणाले, 'बैठो बहू, कौन हिलेगा।' मग नवराच गेला. त्याने आणलेल्या ताटात रायता गुलाबजामवर सांडला होता आणि बिर्याणीत फक्त बटाटे होते, पण भात इतका ऊन होता की तिला फुंकून खावा लागला.